गाडी रंगाला देण्याआधी

१९७४पासून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘पद्मिनी’ नावाने गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. त्यामुळे जुनी गाडी मूळ रूपात आणण्याचे, आजवर मुंबई-पुण्याच्या गॅरेजांचे मानले गेलेले काम पूर्णा-नांदेड रस्त्यावरच्या, चुडाव्यासारख्या गावातल्या मेस्त्रीच्या दारातही येऊन उभे राहील. म्हणून या अंकात दिव्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे दिव्यांचा धनी कोणीच नसतो. पेंटर दिवे कागदाने झाकून रंग मारतो, वायरमन नंतर वायरी जोडतो, आणि जुनी रिंग कधी भंगारात गेली ते मालकालाही कळत नाही. दिवे आधी उतरवले पाहिजेत, तेही एकाच माणसाने. फोटो काढावेत, वायरींना चिठ्ठ्या बांधाव्यात, डाव्या-उजव्या बाजूचे स्क्रू वेगळ्या डब्यांत ठेवावेत. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. तरी हलला नाही तर इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरावा. साध्या पेचकसाने जोर केला की स्क्रूचे डोके गेलेच म्हणून समजा.

आपल्या भागातली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. रबर कडक झाले की ती हेडलाइटच्या डोममध्ये शिरते, पावसात तिचा चिखल होतो आणि पत्रा आतून सडतो. रंग मारण्याआधी डोम उपसून साफ करा, रबर मात्र नवेच घाला.

रिफ्लेक्टरला घासू नका. त्याची चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. पितळेच्या पॉलिशने तो उजळत नाही, निघून जातो. धूळ फुंकरीने उडवावी, फार तर कोमट साबणपाण्यात बुडवून वाळवावे. टेललाइटची प्लास्टिकची भिंगे थिनरने पुसली की त्यांना जाळीसारख्या चिरा पडतात. ओल्या पॉलिश पेपरने १०००, १५००, मग २००० नंबर आणि शेवटी कंपाउंड, एवढे पुरते. क्रोमच्या रिंगा पितळेच्या असतील तर पुन्हा प्लेटिंग चांगले बसते. जस्ताच्या ओतीव भागांना फोड आले असतील तर खड्डे भरून, तांब्याचा थर देऊन मगच निकेल-क्रोम करावे लागते. हे महागडे काम आहे, मालकाला आधीच सांगा.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या अर्थच्या. ताज्या, जाड रंगावर दिवा बसवला की बॉडीशी धातूचा संबंधच तुटतो. मग इंडिकेटर दिला की पार्किंगही लुकलुकते आणि दोष बल्बला जातो. अर्थच्या जागी रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, वर ग्रीस लावा. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी पोहोचले तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. हे न पाहता १०० वॉटचे बल्ब टाकायची आपल्याला फार हौस. तसे दोन बल्ब सुमारे १७ अँपिअर ओढतात, आणि रिले नसेल तर पन्नास वर्षांचा स्विच वितळतो.

शेवटचे बिलाबद्दल. दिव्यांची मजुरी ‘पेंटिंग’च्या आकड्यात लपवू नका, वेगळ्या ओळीत लिहा, आणि बदललेले जुने भाग पिशवीत घालून मालकाच्या हाती द्या.