आधार देणाऱ्यालाही निळी चिठ्ठी हवी



श्रीरामपूरच्या जिल्हा बैठकीपुढे कापसाचा भाव, पीकविमा आणि वीज हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांच्या जोडीला या वेळी एक नवा विषय आला आहे. मनाने खचलेल्या शेतकऱ्याला आधार देण्यासाठी शेतकऱ्यांमधूनच माणसे निवडायची, त्यांना रीतसर शिकवायचे आणि शिकल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, असा हा विचार आहे. विषयपत्रिका पाहून काही कार्यकर्त्यांनी नाक मुरडले. त्यांचे म्हणणे असे: शेतकरी मरतो तो कर्जापायी आणि भावापायी. त्याला समुपदेशन देणे म्हणजे जखम पायाला आणि मलम डोक्याला. उद्या सरकारच म्हणेल, धोरणात काही चुकलेले नाही, शेतकरीच मनाचा कच्चा आहे.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यातली ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातली होती. एकाच राज्यातल्या चार हजार माणसांचे मन एकाच वर्षी आपसूक कच्चे होत नाही. कारण शिवारात आहे, बाजारात आहे, दिल्लीच्या फायलीत आहे. ते कारण कुणी मनाच्या नावाखाली झाकू पाहील तर त्याला तिथेच अडवले पाहिजे.

पण एक साधा हिशेब करा. हिवताप डबक्यातल्या डासांनी होतो. डबकी बुजवा ही मागणी आपण सोडत नाही, पण म्हणून अंगात ताप भरलेल्या माणसाला गोळी नाकारतो का? भावाचा लढा वर्षानुवर्षे चालतो. पराटी वाळून गेलेल्या, सोसायटी आणि सावकार दोन्ही दारात उभे असलेल्या माणसाची वाईट रात्र मात्र आजच असते. ती रात्र त्याने पार केली तरच तो उद्याच्या मोर्चात येणार.

डॉक्टर कुठे आहे?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, बंगलोरच्या निमहान्स संस्थेने देशाची पाहणी केली. लाख माणसांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि वेगवेगळ्या मनोविकारांत शंभरातल्या सत्तर ते नव्वद रुग्णांना उपचार मिळतच नाहीत, असे त्यातून दिसले. जे तज्ज्ञ आहेत तेही शहरांत. शेवगाव-पाथर्डीच्या कोरडवाहू रानातला माणूस दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडे भरून, ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला’ हा बोल सोसून तिथवर जाईल कशाला?

राज्य सरकारने २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला. आशाताईंनी घरोघरी जाऊन ठराविक प्रश्न विचारायचे आणि खचलेला माणूस ओळखून दवाखान्यापर्यंत पोचवायचा, अशी ती योजना. ती काढली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. आपला जिल्हा त्या चौदांत नव्हता. जणू गोदावरी ओलांडली की कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख संपते! कालव्याकाठचा ऊस पाहून सारा जिल्हा बागायती समजणाऱ्यांना कपाशी-ज्वारीचा जिल्हा दिसत नाही.

शिकलेला साथी काय करू शकतो?

ज्याच्या हाती पदवी नाही त्याला हे काम जमेल का, अशी शंका कुणाला असेल तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावांनी निवडून दिलेल्या बाया त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित घरांतल्या. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग, क्षय ही कामे त्यांनी पेलली. एकदा शिबिर घेतले आणि संपले, असा प्रकार तिथे नव्हता. बाया पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत आणि पुढचे शिकून परत जात.

मनाच्या दुखण्याबाबतचा दाखला गोव्याचा आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. खोल नैराश्य आलेल्या माणसाला सहा ते आठ भेटी द्यायच्या, त्याचे ऐकायचे आणि सुटलेली रोजची कामे थोडी थोडी पुन्हा हाती घ्यायला लावायची. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांतले शंभरी ६४ सावरले होते. ज्यांना नेहमीचाच उपचार मिळाला त्यांतले ३९.

याच संस्थेच्या मदतीने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. कापसाचा मुलूख, आत्महत्यांचा मुलूख. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांत जेमतेम चारजण कुणाकडे मदतीला जात. दीड वर्षाच्या कामानंतर २७ जाऊ लागले. गावातलाच शिकवलेला माणूस पुढे, त्याच्यामागे सल्लागार आणि शेवटी डॉक्टर, अशी ती साखळी होती.

आमच्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाला खरे उत्तर नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात मिळाले आहे. तिथल्या ‘आत्मीयता’ कामात गावातलेच स्वयंसेवक खचलेल्या माणसाशी बोलत आणि सरकारी योजनेचा हक्काचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करत. मन आणि पोट वेगळे काढायचे कारणच नाही. विधवेचे अनुदान अडले असेल तर तिला नुसता धीर देऊन काय उपयोग? अर्ज भरून देणे हाही आधारच.

आणि हे काम भोगलेल्या माणसाने केले तर त्याचे वजन वेगळे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६ पासून व्यसनातून उठलेली माणसे दुसऱ्याला उठवत आली आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ साली, मनोविकारातून सावरलेल्या माणसाने दुसऱ्याला दिलेला आधार सरकारी विम्यातून मोबदला देण्याजोगे काम आहे असे ठरवले आणि त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा बांधून दिली. पुढे तिथल्या बहुतेक राज्यांनी तीच वाट धरली.

चिठ्ठी कुठली?

आता प्रमाणपत्राचे. बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी तुम्ही सगळेच ओळखता. हिरवी चिठ्ठी कंपनीने स्वतःच लिहिलेली. निळी चिठ्ठी मिळवायची तर प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस उभ्या पिकात येतो, भेसळीची झाडे उपटायला लावतो. मग प्रयोगशाळेत उगवण तपासतात. त्या चिठ्ठीलाही मुदत असते. मुदत सरली की पुन्हा तपासणी.

आधार देणाऱ्याला ही निळी चिठ्ठी हवी. दोन दिवसांचे शिबिर, पाहुण्याच्या हस्ते कागद आणि फोटो, ही हिरवी चिठ्ठी झाली. असा कागद गळ्यात घालून कुणी अर्धवट माणूस खचलेल्याच्या घरात शिरला तर बोगस बियाण्याहून मोठे नुकसान करील. ‘तुझ्याहून वाईट दिवस लोकांनी काढले, रडतोस काय’ असे बोलून उठणारे आपल्या गावात कमी आहेत का?

म्हणून परीक्षा प्रत्यक्ष कामाची घ्यावी. गोव्यात भेटींचे ध्वनिमुद्रण सहकारीच ऐकत आणि ठरलेल्या मापाने एकमेकांना गुण देत. तज्ज्ञांच्या गुणांशी ते बऱ्यापैकी जुळले. हे आपल्यालाही जमेल. साथीला पुढील गोष्टी आल्याच पाहिजेत: मध्ये न बोलता ऐकणे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारणे (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते), ऐकलेले पारावर न सांगणे, फवारणीची औषधे घरच्यांकरवी कुलपात ठेववणे, आणि आपल्या हाताबाहेरचे दुखणे ओळखून त्याच दिवशी डॉक्टरकडे नेणे. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. कुलपाचे महत्त्व त्यावरून कळावे.

साथीने औषध सांगू नये, कर्जाच्या तडजोडीत दलाली करू नये, गंडेदोरे बांधू नयेत. यातले काहीही केले की प्रमाणपत्र रद्द.

दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. आरोग्य क्षेत्रातल्या सहायक व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने कायदा केला. त्यातल्या सहायक व्यावसायिकाला किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते. रुग्णालयातल्या तंत्रज्ञासाठी ते ठीक. पण साथीलाही पदवीची अट घातली, तर जिने नवऱ्यामागे कर्जही फेडले आणि पोरेही वाढवली ती बाई बाहेर राहील आणि शहरातला पदवीधर आत येईल. जिला कळते तिलाच दार बंद!

फुकट राबवणे नको

आशाताईंकडून आजवर कामाचे डोंगर उपसून घेतले आणि मोबदला मात्र कामागणिक तुटपुंजा मोजला. साथीचे तसे होऊ देता कामा नये. घामाचे दाम मागणारी चळवळ दुसऱ्याचा घाम फुकट घेऊ शकत नाही. शिवाय साथी हाही शेतकरीच. त्याचीही कपाशी करपणार, त्याच्याही दारात वसुली येणार. त्याचे ऐकायला महिन्यातून एकदा जाणता माणूस हवा, नाहीतर दुसऱ्याला ओढता ओढता तोच बुडेल.

तेव्हा बैठकीने ठराव करावा: साथीची निवड गाव करील आणि निम्म्या तरी बाया असतील. प्रशिक्षण सरकारी खर्चाने मराठीत होईल. परीक्षा कामाची असेल, चिठ्ठीला मुदत असेल, मोबदला ठरलेला असेल आणि प्रत्येक साथीमागे नावानिशी एक डॉक्टर असेल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. तेव्हा ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे.

ठराव मंजूर व्हायला आणि सरकार हलायला वेळ लागेल. तोवर गावी परतल्यावर तीन कामे करा. सरकारची मोफत ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे; तिचा १४४१६ हा क्रमांक सोसायटीच्या आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर रंगवा. घरातल्या औषधांना कुलूप लावा. आणि वेचणी सुरू झाली तरी जो शेतकरी चार दिवस पारावर दिसला नाही, त्याच्या घरी जाऊन बसा.