कुंपणालगतचा ताटवा

मुंबईच्या उपनगरांत जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून बागेची जागा आक्रसत आक्रसत अखेर कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन थांबली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड येथे एके काळी बंगल्यांभोवती व बैठ्या चाळींपुढे मोकळी आवारे असत. आता बहुतेक ठिकाणी तेथे उंच इमारती उभ्या आहेत. आवारात फरशी आहे, फरशीवर मोटारी आहेत आणि मोटारी व भिंत यांच्यामध्ये दोन-तीन फूट रुंदीची मातीची एक पट्टी तेवढी उरली आहे. शेकडो माणसे राहतात अशा कित्येक आवारांत पावसाचे पाणी जमिनीत मुरण्यास हीच काय ती वाट असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. असल्या प्रलयापुढे हातभर मातीचे काय चालणार? तथापि नेहमीच्या पावसात ती आपले काम इमानाने करीत असते.

या पट्टीत काय लावावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. वडा-पिंपळासारखा वृक्ष तेथे लावला, तर काही वर्षांत त्याची मुळे भिंतीत आणि गटारात शिरतात. नुसते गवत लावले, तर आज ना उद्या कोणीतरी त्यावर मोटारीचे चाक चढवितो आणि पुढच्या वर्षी तेथे फरशी येते. माणसाच्या उंचीची, दरवर्षी आपली आपण फुलणारी झाडे जेथे दाटीने उभी असतात, तेथे मात्र फरशी घालण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. म्हणून या जागी उंच आणि बहुवर्षायू फुलझाडेच असावीत, असे म्हणण्यास सबळ आधार आहे.

प्रत्यक्षात घडते ते निराळेच. पावसाळा सरला की रोपवाटिकेतून झेंडू, झिनिया व कॉसमॉस यांची रोपे येतात. जानेवारीत आवार रंगांनी भरून जाते, येणारेजाणारे वाहवा करतात आणि मार्चचे ऊन तापू लागले की सारा शृंगार माना टाकतो. मग ऑक्टोबरपर्यंत माती उघडी. तीवर आषाढाच्या सरी बदाबदा कोसळतात आणि वर्षभर जपलेली माती गटारात वाहून जाते. हंगामी फुलांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. ती पाहुणी म्हणून यावीत. पाहुण्यांच्या भरवशावर घर सोडून देणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

भिंतीलगत उंच फुलझाडांचा ताटवा करण्याच्या कलेला इंग्लंडमध्ये मोठी प्रतिष्ठा मिळाली. गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) या बाईंनी तिचा विशेष अभ्यास केला. त्या मुळात चित्रकार. पुढे दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी आपले सारे लक्ष बागेकडे वळविले आणि चित्रात रंग भरावेत तशी ताटव्यात फुलांची योजना केली. मागे डेल्फिनियम, हॉलीहॉक यांसारखी उंच झाडे, पुढे क्रमाने ठेंगणी, अशी ही रचना. रचनेचे हे तत्त्व आपणही घ्यावे. त्यांची झाडे मात्र घेऊ नयेत. डेल्फिनियम हे थंड हवेचे लेकरू, ते मुंबईच्या दमट उन्हाळ्यात टिकत नाही. इंग्लंडमधील झाडे हिवाळ्यात जमिनीआड झोपतात आणि वसंतात जागी होतात. मुंबईच्या हिवाळ्यात झाडाला झोपण्यासारखे काही घडतच नाही. येथे कसोटी लागते ती जुलैच्या धारेत आणि मेच्या उन्हात. तेव्हा झाड निवडताना ते जानेवारीत कसे दिसते हे विचारू नये. जुलैत त्याचे कंद कुजतात काय आणि मेमध्ये ते तग धरते काय, एवढे विचारावे.

या दोन्ही प्रश्नांना कर्दळ निःशंकपणे उत्तर देते. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची चाल जुनीच आहे. गृहिणींना जे अनुभवाने कळले होते, ते आता शास्त्रज्ञही मानतात; सांडपाणी वनस्पतींच्या मुळांकरवी शुद्ध करण्याच्या योजनांत कर्दळीचा उपयोग केला जातो. तिच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ हा शब्द असला, तरी तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. चार ते सहा फूट उंच वाढणाऱ्या तिच्या दांड्यावर तांबडी, पिवळी किंवा ठिपक्यांची फुले येतात. गंमत अशी की, ज्या रंगीत दलांना आपण पाकळ्या समजतो, ते वास्तविक रूप पालटलेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या अरुंद असून खाली दडलेल्या असतात. काळ्या, गोटीसारख्या टणक बिया ओवून लोक माळाही करतात. एका दांड्याचा बहर संपला की तो बुडाशी छाटावा. शेजारी नवा फुटवा तयारच असतो. जांभळा शिंजीर मधासाठी तिच्यावर येतो तेव्हा पाचव्या मजल्यावरची मुलेसुद्धा खाली धावतात.

सोनटक्का हा सावलीचा सोबती. हळदीच्या कुळातील या झाडाला पावसाळ्यात पांढरी, फुलपाखरासारखी फुले लागतात आणि सायंकाळी त्यांचा सुगंध जिन्यापर्यंत पोहोचतो. दूरच्या क्यूबा देशाने हेच फूल आपले राष्ट्रीय फूल म्हणून निवडले आहे. त्याच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या दिसल्या, तर लगेच औषध फवारू नये. हळदीच्या कुळावर वाढणाऱ्या एका फुलपाखराची अळी त्या सुरळीत राहते, आणि चार पानांच्या बदल्यात एक फुलपाखरू मिळणे हा सौदा तोट्याचा नाही.

पेव ही तर येथल्याच रानातली. तिच्या खोडावर पाने जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे गोल फिरत वर चढतात आणि शेंड्याशी तांबड्या छदांतून चुरगळलेल्या रेशमासारखी पांढरी फुले डोकावतात. पाऊस संपल्यावर ती सुकते. माळ्याने ती मेली असे समजून उपटून टाकू नये, एवढी काळजी घ्यावी. जास्वंदीविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. ती झुडूप असली तरी छाटून आवाक्यात ठेवता येते आणि गणपतीच्या पूजेसाठी तिचे फूल बारा महिने मिळते. पिठ्या ढेकणांवर मात्र लक्ष ठेवावे लागते. कण्हेर फुलते सुंदर, ऊन सोसते, महामार्गांच्या दुभाजकांवर शोभतेही. परंतु तिचे पान, फूल, खोड सारेच विषारी आहे. जेथे लहान मुले खेळतात तेथे तिला जागा देऊ नये. याबाबतीत सौंदर्याची भीड बाळगण्याचे काम नाही.

पट्टी भिंतीच्या कोणत्या बाजूस आहे, हेही पाहिले पाहिजे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. वर्षाचा उरलेला काळ तो दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे भिंतीच्या उत्तरेकडील पट्टीला दुपारचे ऊन मिळते ते नेमके ढगाळ दिवसांत. तेथे कर्दळ लावली तर नुसती पाने वाढतात. ती जागा सोनटक्क्याला आणि पेवेला द्यावी. कर्दळ व जास्वंद दक्षिणेकडे.

अलीकडे काही जण म्हणतात की, लावायचे तर केवळ देशी झाडच लावावे. हेतू चांगला आहे. पण त्या न्यायाने जुनी, गुणी कर्दळ हद्दपार करावी लागेल. याच उत्साहाच्या भरात कोणी डोंगरावरची कारवी खणून आणू पाहतो, ते तर मुळीच योग्य नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी सात वर्षे मुकाट्याने वाढते आणि आठव्या वर्षी एकदाच फुलून, बी धरून मरून जाते. २००८ मध्ये ती फुलली, त्यानंतर २०१६ मध्ये. सारी टेकडी एकदम जांभळी होते यातच तिचे वैभव आहे. भिंतीपाशी चार झुडपे लावून ते हाती येत नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानातून रोप उचलणे हा कायद्याने गुन्हा आहे.

उंच झाडांविरुद्ध रहिवाशांची एक तक्रार नेहमीची असते : डास होतात, साप दडतात, पहारेकऱ्याला फाटक दिसत नाही. यातील शेवटचा आक्षेप रास्त आहे आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंस ठेंगणी झाडे लावून तो दूर करता येतो. डास झाडांत जन्मत नाहीत, साचलेल्या पाण्यात जन्मतात. त्यांचा शोध घ्यायचा तर कुंड्यांखालच्या बशा आणि टाक्यांची झाकणे तपासावीत. सापाचे म्हणाल, तर तो उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. ताटव्यातील वाळके दांडे दर पंधरवड्याला काढले आणि कचरा वेळीच उचलला, की त्या भीतीचेही मूळ उरत नाही.

मेच्या अखेरीस, पहिल्या पावसापूर्वी, हे काम हाती घ्यावे. पट्टीतील राबिट आणि विटांचे तुकडे दीड फूट खोलीपर्यंत वेचून काढावेत आणि शेणखत मिसळावे. कर्दळीचा कंद प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे राहतील असा कापून चार बोटे खोल व हात-हात अंतरावर लावावा. विकत घेण्याचे सहसा कारण पडत नाही, कारण दोन-तीन वर्षांत कंदांची इतकी दाटी होते की ते विरळ करावेच लागतात. निघालेले कंद टोपलीत घालून फाटकापाशी ठेवावेत. पुढच्या गल्लीतील आवारे अजून उघडी आहेत.