आधी खिडकी, मग एसी

जुनी इमारत तापते म्हटलं की आपल्याला एकच उपाय सुचतो : एसी लावा! पण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं बघा. १९३१ सालची, १०२ मजली, आत बहुतेक ऑफिसंच. २००९ मध्ये तिचं नूतनीकरण जाहीर झालं, तेव्हा ऊर्जेचा वापर ३८ टक्के कमी करायचं ठरलं. त्यासाठी ६,५१४ खिडक्या सुधारल्या. इमारतीतच वर्कशॉप थाटलं, दुहेरी काचांमध्ये फिल्म आणि वायू भरला आणि बहुतेक जुन्याच काचा परत बसवल्या. रेडिएटरमागे उष्णतारोधक थर लावला. उष्णतेची ये-जा घटल्यावर नवे मोठे चिलर घ्यायची गरजच उरली नाही, जुन्यांच्याच दुरुस्तीवर भागलं.

आपण रेफ्रिजरेशनच्या पेपरात हीट लोड बरोब्बर काढतो. पण एप्रिलमध्ये होस्टेलच्या वरच्या मजल्यावर भाजून निघालो की अर्ज करतो तो कूलरसाठी! मित्रांनो, या वेळी आधी गच्चीला पांढरा रंग आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे मागूया. लोड कमी करणं हेही इंजिनियरिंगच आहे. कूलरचं नंतर बघू.