पूर्णवेळ आणि अर्धवेळ : रग्बी लीगमधील विभागणीचा प्रश्न

इंग्लंडमधील रग्बी लीग या खेळाच्या रचनेत २०२६ च्या हंगामापासून मोठा फेरबदल झाला आहे. 'सुपर लीग' या सर्वोच्च स्पर्धेतील क्लबांची संख्या १२ वरून १४ करण्यात आली असून ब्रॅडफर्ड, यॉर्क आणि फ्रान्समधील तुलूज या क्लबांना तिच्यात स्थान मिळाले आहे. त्याच वेळी तिच्याखालील दोन श्रेणी एकत्र करून 'चॅम्पियनशिप' ही एकच श्रेणी ठेवण्यात आली आहे. वरवर पाहता ही केवळ आकड्यांची फेरजुळणी वाटेल. तथापि, तिच्या मुळाशी या खेळाला दीर्घकाळ छळणारा एक प्रश्न आहे. खेळ हाच ज्यांच्या खेळाडूंचा एकमेव व्यवसाय आहे असे पूर्णवेळ क्लब आणि दिवसभर अन्यत्र नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या खेळाडूंचे अर्धवेळ क्लब यांना एकाच शिडीवर ठेवावे, की त्यांची स्पष्ट विभागणी करावी, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडे रग्बी म्हटले की सामान्यतः १५ खेळाडूंचा रग्बी युनियन हा प्रकार डोळ्यांसमोर येतो. रग्बी लीग हा १३ खेळाडूंचा वेगळा खेळ असून त्याचा जन्मच मजुरीच्या वादातून झाला. उत्तर इंग्लंडमधील खाणी, कापडगिरण्या आणि गोद्यांमधून काम करणाऱ्या खेळाडूंना शनिवारच्या सामन्यासाठी कामाचा खाडा करावा लागे व त्या दिवसाची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी, ही मागणी तत्कालीन रग्बी संघटनेने फेटाळली. परिणामी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात झालेल्या बैठकीत उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात २२ क्लब सहभागी झाले. खाड्याची भरपाई दिवसाला कमाल सहा शिलिंग ठरली. १८९८ मध्ये खेळण्याच्या मोबदल्यास उघड मान्यता मिळाली. मात्र खेळाडूला दुसरा खराखुरा व्यवसाय असलाच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे आज ज्याला अर्धवेळ खेळ म्हटले जाते, ती या खेळाच्या आरंभीच्या काळात नियमानेच घालून दिलेली पद्धत होती.

पुढील अनेक दशके हेच चित्र कायम राहिले. १९७३-७४ पासून दोन श्रेणींची रचना स्थिरावली, परंतु दोन्ही श्रेणींतील खेळाडू प्रामुख्याने नोकरी सांभाळूनच खेळत. वरची आणि खालची श्रेणी यांत गुणवत्तेचा फरक होता, जीवनपद्धतीचा नव्हता. हा समतोल १९८० च्या दशकात विगन क्लबने मोडला. १९८५ मध्ये एलरी हॅन्ली या खेळाडूसाठी दीड लाख पौंड मोजणाऱ्या या क्लबने संपूर्ण चमू पूर्णवेळ करण्याचा मार्ग धरला. त्याचे फळ म्हणून १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे 'चॅलेंज कप' विगनकडेच राहिला. पूर्णवेळ सरावाचे सामर्थ्य यापेक्षा ठळकपणे सिद्ध होणे शक्य नव्हते.

त्यानंतरचा निर्णायक टप्पा दूरचित्रवाणीने आणला. १९९५ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी पाच वर्षांसाठी आठ कोटी ७० लाख पौंडांचा करार झाला आणि १९९६ मध्ये १२ क्लबांची सुपर लीग हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात सुरू झाली. या पैशामुळे वरच्या श्रेणीतील क्लबांना पूर्णवेळ होणे शक्य झाले व पुढे ते अपरिहार्यही झाले. त्याच कराराने वरच्या आणि खालच्या क्लबांमधील उत्पन्नाची दरी कायमची रुंद केली. आजच्या वादाची बीजे तेथेच रुजली आहेत.

विभागणीच्या बाजूचे युक्तिवाद दुर्लक्षिता येण्याजोगे नाहीत. पूर्णवेळ खेळाडू सकाळी व्यायामशाळेत असतो, दुपारी चित्रफितींच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करतो आणि सामन्यानंतर त्याला विश्रांती व उपचारांसाठी पुरेसा अवधी मिळतो. अर्धवेळ खेळाडू आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी सराव करतो आणि रविवारी अंगावर घेतलेले घाव सोबत घेऊन सोमवारी कामावर जातो. शारीरिक टक्कर हाच ज्या खेळाचा गाभा आहे, तेथे या दोघांना समोरासमोर उभे करणे म्हणजे केवळ विषम सामना नव्हे. तो दुखापतीचा धोकाही आहे. २०२२ च्या चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात पूर्णवेळ ली संघाने अर्धवेळ बॅटलीचा ४४-१२ असा पराभव केला. १८९७ मध्ये पहिला चॅलेंज कप जिंकणाऱ्या बॅटलीसारख्या क्लबाने अंतिम फेरी गाठली याचे सर्वत्र कौतुक झाले, परंतु दोन्ही संघांच्या ताकदीतील तफावतही त्या सायंकाळी लपून राहिली नाही.

दुसरा युक्तिवाद आर्थिक आहे. हंगामाच्या अखेरीस बढती मिळालेल्या क्लबाला अवघ्या काही आठवड्यांत अर्धवेळचे पूर्णवेळ व्हावे लागते. खेळाडूंचे करार, प्रशिक्षक, वैद्यकीय पथक, मैदानाच्या सोयी, सारे नव्याने उभारावे लागते आणि तोपर्यंत बाजारातील चांगले खेळाडू अन्य क्लबांनी करारबद्ध केलेले असतात. वर्षभरात पदावनती झाल्यास हाच खर्च गळ्याचा फास ठरतो. पदावनतीची भीती वरच्या क्लबांनाही ऐपतीबाहेर खर्च करण्यास भाग पाडते. चार वेळा सुपर लीगचे विजेतेपद मिळवणाऱ्या ब्रॅडफर्डची २०१४ मध्ये पदावनती झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो क्लब दिवाळखोरीत निघाला. नव्या व्यवस्थापनाखाली उभ्या राहिलेल्या ब्रॅडफर्डला वरच्या श्रेणीत परतण्यास २०२६ साल उजाडावे लागले.

असे असले तरी विरोधी बाजूकडे असलेली उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. लंडन ब्रॉन्कोज या क्लबाने २०२२ च्या हंगामापासून खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अर्धवेळ पद्धती स्वीकारली होती. २०२३ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये पाचव्या स्थानावर राहिलेल्या या संघाने उपांत्य फेरीत अव्वल स्थानावरील फेदरस्टोनला आणि अंतिम सामन्यात तुलूजला त्यांच्याच मैदानावर १८-१४ असे नमविले. कागदावरील गणिते मैदानावर चुकू शकतात, याची ती प्रचिती होती. मात्र या विजयाला लगेचच कडवट किनार लाभली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक गुणांकनात लंडनचा क्रमांक २४ वा होता. सुपर लीगचा पहिला सामना खेळण्यापूर्वीच, वर्षभरानंतर आपली रवानगी निश्चित असल्याचे त्या क्लबाला कळून चुकले.

हे गुणांकन आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीच्या शिफारशीवरून आले व २०२५ च्या हंगामापासून त्याच्या आधारे सुपर लीगमधील स्थान निश्चित होऊ लागले. एकूण २० गुणांपैकी मैदानावरील कामगिरीला पाच, प्रेक्षकवर्गाला पाच, आर्थिक स्थितीला साडेचार, मैदानाच्या सोयींना तीन आणि स्थानिक समाजाशी निगडित निकषांना अडीच गुण देण्यात आले. म्हणजेच जिंकण्या-हरण्याचे वजन एक चतुर्थांशावर आले. २०२४ च्या हंगामात लंडनने २७ पैकी तीनच सामने जिंकले. उल्लेखनीय बाब अशी की, पूर्णवेळ आणि नामांकित अशा हल एफसी क्लबानेही त्या हंगामात तीनच सामने जिंकले होते. हल एफसीचे स्थान अबाधित राहिले. लंडनच्या जागी वेकफील्डला प्रवेश मिळाला. प्रेक्षकसंख्या आणि आर्थिक स्थैर्य यांचा विचार करता या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु खेळाडूंनी मैदानावर जे कमावले किंवा गमावले, त्याच्याशी या निर्णयाचा संबंध क्षीण होता, हे नाकारता येणार नाही.

पूर्णवेळ असणे ही स्थैर्याची हमी आहे, हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे. सॅल्फर्डने २०२४ मध्ये सुपर लीगमध्ये चौथे स्थान पटकावले. पुढच्याच हंगामात आर्थिक संकटामुळे खेळाडूंच्या खर्चावर निर्बंध आले आणि पहिल्या सामन्यात सेंट हेलेन्सविरुद्ध बहुतांशी नवख्या खेळाडूंना उतरवावे लागले. तो सामना सॅल्फर्डने ८२-० असा गमावला आणि डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्या क्लबाची कंपनी विसर्जित करण्यात आली. याउलट हल किंग्स्टन रोव्हर्सची कहाणी पाहावी. २०१६ मध्ये याच सॅल्फर्डविरुद्धच्या निर्णायक सामन्यात जादा वेळेत एका गुणाने हरून या क्लबाची पदावनती झाली होती. एका वर्षात तो परतला आणि २०२५ मध्ये चॅलेंज कप, साखळीतील अव्वल स्थान व अंतिम विजेतेपद असे तिहेरी यश त्याने संपादन केले. २०१६ मध्ये दरवाजा कायमचा बंद झाला असता, तर हा इतिहास घडलाच नसता.

खेळाच्या प्रशासनाने या पेचावर उपाय शोधले नाहीत असे नाही. २००९ पासून परवाना पद्धती आणून बढती व पदावनती थांबविण्यात आली. २०१५ ते २०१८ या काळात वरच्या श्रेणीतील तळाचे चार आणि खालच्या श्रेणीतील आघाडीचे चार क्लब यांची हंगामाच्या अखेरीस मिश्र साखळी खेळविली गेली. त्यानंतर एकास एक बढती-पदावनतीची जुनी पद्धत परत आली आणि तिच्या जागी गुणांकन आले. आता १४ क्लबांची रचना आली असून दोन वाढीव जागा स्वतंत्र समितीने अर्ज तपासून भरल्या. इतक्या वेळा नियम बदलल्यावर एखाद्या मध्यम क्लबाने दहा वर्षांचे नियोजन कशाच्या आधारे करावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाचा दाखला वारंवार दिला जातो. तेथील राष्ट्रीय रग्बी लीग ही पूर्णवेळ क्लबांची बंद स्पर्धा आहे आणि तिच्याखाली न्यू साऊथ वेल्स व क्वीन्सलँड येथील राज्यस्तरीय स्पर्धा आहेत. दोहोंमध्ये बढती नाही, परंतु खालच्या स्पर्धांतील संघ वरच्या क्लबांशी जोडलेले असल्याने खेळाडूंना वर जाण्याचा मार्ग खुला राहतो. मात्र तेथेही क्लबाला वगळणे सोपे ठरले नाही. १९९९ च्या हंगामानंतर साऊथ सिडनीला वगळण्यात आले तेव्हा समर्थक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले व २००२ मध्ये क्लब परतला. त्याच क्लबाने २०१४ मध्ये विजेतेपद मिळविले. शिवाय, ऑस्ट्रेलियात या खेळाला लाभणारा दूरचित्रवाणीचा पैसा इंग्लंडला उपलब्ध नाही. २०२२ पासूनच्या करारात सुपर लीगचे प्रक्षेपण उत्पन्न वर्षाला सुमारे चार कोटी पौंडांवरून सुमारे अडीच कोटींवर घसरले आणि त्याची झळ खालच्या क्लबांना सर्वाधिक बसली.

भारतीय वाचकांना हा वाद सर्वस्वी परका वाटू नये. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे दार खालच्या क्लबांसाठी बंदच होते. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाबच्या संघाने आणि पुढच्या वर्षी कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने मैदानावरील कामगिरीच्या जोरावर तेथे प्रवेश मिळविला. या दोन प्रसंगांनी आय-लीगच्या विजेतेपदाला नवा अर्थ दिला, हे मान्य करावे लागेल.

या साऱ्याचा विचार करता, पूर्णवेळ व अर्धवेळ क्लबांचे दैनंदिन वेळापत्रक, करार आणि आर्थिक निकष वेगळे असणे न्याय्य ठरते. नोकरदार खेळाडूंचा क्लब हा अपयशी क्लब नव्हे. आपल्या ऐपतीत जगणारा तो क्लब आहे आणि त्याला त्याच्या मापाची स्पर्धा मिळालीच पाहिजे. परंतु ही विभागणी तीन अटींवर टिकेल. पहिली अट, वर जाण्याचे दार कोणत्या कामगिरीने उघडेल हे आधी जाहीर व्हावे आणि ते नियम काही वर्षे तरी बदलू नयेत. दुसरी, अर्धवेळचे पूर्णवेळ होण्यासाठी क्लबाला पुरेसा अवधी आणि मध्यवर्ती निधीतून साहाय्य मिळावे. तिसरी, खालच्या स्पर्धेचे वेळापत्रक आखताना खेळाडूची नोकरी ध्यानात घेतली जावी. तुलूज चॅम्पियनशिपमध्ये होता त्या काळात इंग्लंडमधील अर्धवेळ खेळाडूंना एका सामन्यासाठी रजा काढून परदेशी जावे लागत असे.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न सोडविण्यासाठीच हा खेळ १८९५ मध्ये वेगळा झाला होता. १३० वर्षांनंतर वरच्या स्तरावरील खेळाडूंपुरता तो सुटला असून खालच्या स्तरावर तो कायम आहे. विभागणीची रेषा आखणाऱ्यांनी त्या रेषेखालील खेळाडूंचे काय होणार, याचे उत्तर आधी दिले पाहिजे. ते मिळत नाही तोवर, १२ च्या जागी १४ क्लब आल्याने मूळ प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.