फोन उंच झाला, रुंद नाही

मोठ्या स्क्रीनचा फोन हातात असताना टॅबवर वेगळे पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत कधी ना कधी निघतो, आणि तो अगदी रास्त आहे. 2010च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नसता. त्या वेळच्या आयफोनची स्क्रीन 3.5 इंचांची होती आणि आयपॅडची 9.7 इंचांची. मधली दरी उघड दिसत होती. आता महागडे फोन 6.8 आणि 6.9 इंचांवर पोहोचले आहेत, मध्यम किमतीचेही त्यांच्या फार मागे नाहीत. जाहिरातीतले आकडे वाचले तर ती दरी बुजतच आली असे वाटते. माझे मत वेगळे आहे. वाचण्या-लिहिण्याच्या कामात ज्या मापाला खरी किंमत आहे, त्या मापात ही दरी आजही मोठीच आहे. म्हणून ज्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे किंवा साठी ओलांडलेले कुणी वाचणारे आहे, तिथे टॅब आजही उपयोगाचा आहे. बाकी अनेक घरांत तो नसला तरी काही अडत नाही, हेही तितकेच खरे.

ते माप म्हणजे रुंदी. स्क्रीनचे इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे. स्क्रीन नुसती लांब केली तरी हा आकडा वाढतो, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत नेमके तेच झाले आहे. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट 2011 साली आला तेव्हा त्याच्या 5.3 इंची स्क्रीनवर जगभर टीका झाली. एवढा थोरला फोन कानाला लावणार कसा, असे लोक विचारत. त्या स्क्रीनची रुंदी साधारण 7.1 सेंटिमीटर भरते. 2024चा गॅलेक्सी एस 24 अल्ट्रा 6.8 इंचांचा आहे आणि त्याच्या स्क्रीनची रुंदी 7.2 सेंटिमीटर. त्याच वर्षीच्या 6.9 इंची आयफोन 16 प्रो मॅक्सची 7.3. तेरा वर्षांत तिरपे माप दीड इंचाने वाढले आणि रुंदीत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची भर पडली. याला कारण माणसाचा पंजा आहे. फोन एका हातात मावला पाहिजे, अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचला पाहिजे, खिशात गेला पाहिजे. ही अट आहे तोवर साधा फोन उंच होईल, रुंद होणार नाही. याउलट 11 इंची टॅब उभा धरला तरी त्याची स्क्रीन 14 ते 16 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे फोनच्या दुप्पट, आणि क्षेत्रफळ तिप्पट.

रुंदीला एवढे महत्त्व का, ते आपण रोज उघडतो त्या पीडीएफ फायलींत दिसते. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर 12 पॉइंटात छापलेला मजकूर उभ्या फोनवर पूर्ण पान बसवून पाहिला तर अक्षर साधारण 4 पॉइंटांचे होते. कडेचा कोरा समास कापून टाकला तर 5 पर्यंत जाते. तेच पान 11 इंची टॅबवर साडेआठ पॉइंटांच्या आसपास येते, म्हणजे छापील वर्तमानपत्राच्या बारीक टायपाच्या जवळपास. रोमन लिपीचा वाचक 5 पॉइंटांवर डोळे ताणून कसेबसे निभावून नेईल. देवनागरीत वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा अर्धा भाग, असा एकेका अक्षराचा दुमजली-तिमजली पसारा असतो. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ किंवा ‘उद्धृत’मधला ‘द्धृ’ इतक्या लहान आकारात निव्वळ काळा ठिपका होऊन बसतो. मग बोटांच्या चिमटीने पान मोठे करायचे, ओळ वाचत उजवीकडे सरकायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे यायचे. एखादी पावती अशी वाचता येते. चाळीस पानांचा धडा वाचता येत नाही.

फोन आडवा धरला की प्रश्न सुटतो, असे कुणी म्हणेल. अर्धाच सुटतो. आडव्या फोनवर अक्षर टॅबइतके मोठे दिसते, पण एका वेळी पानाचा तिसरा हिस्साही समोर राहत नाही. बालभारती आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत उपलब्ध करून देते, ही फार चांगली सोय आहे. त्यातले दहावीचे गणित भाग 2, म्हणजे भूमिती, आडव्या फोनवर उघडून पाहावे. वर्तुळाची आकृती वर, पक्ष आणि साध्य मध्ये, सिद्धता खाली. सिद्धतेतली एखादी पायरी वाचताना आकृती स्क्रीनच्या बाहेर गेलेली असते. कोन कुठला म्हणून वर सरकावे तर पायरी हरवते. डिजिटल सातबाराचेही तसेच. खाते क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, फेरफार हे सगळे एकाच ओळीत आडवे मांडलेले असते आणि त्याचा अर्थ ती ओळ सलग दिसली तरच लागतो. नाव एका बाजूला आणि क्षेत्र स्क्रीनबाहेर, अशा स्थितीत वाचलेल्या उताऱ्यावर कुणी व्यवहार करू नये.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की दोष फोनचा नाही, पानाचा आहे. आपली कार्यालये, शाळा आणि प्रकाशक आजही कागदासाठी पान लावतात आणि तेच फोनवर ढकलतात. मजकूर फोनच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जाईल अशा रूपात दिला तर टॅबची गरजच उरणार नाही. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. बातम्या, कथा, कादंबऱ्या, परिपत्रके अशा सलग गद्यासाठी हेच व्हायला हवे, आणि शासननिर्णय केवळ पीडीएफमध्ये देण्याची सवय सरकारने कधीच सोडायला हवी होती. पण नकाशा, भूमितीची आकृती, ताळेबंद, वेळापत्रक, यंत्राचा आराखडा यांचा अर्थच मुळी मांडणीत असतो. त्यांचे तुकडे करून एकाखाली एक लावले की तो जातो. शिवाय आधीच होऊन गेलेल्या छपाईचे काय? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके मोफत वाचायला ठेवली आहेत. जुन्या ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती ठिकठिकाणी आहेत. ती पाने म्हणजे छायाचित्रे आहेत आणि अक्षर सुटे करून ती नव्याने मांडली जाईपर्यंत अनेक वर्षे जातील. मराठीतल्या जुन्या छपाईचा अभ्यास करणाऱ्याला तोवर रुंद स्क्रीन लागणारच.

घडीचे फोन हे यावरचे उत्तर म्हणून पुढे केले जातात आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरे उत्तर आहे. गॅलेक्सी झेड फोल्ड 7 उघडला की 8 इंचांची, जवळजवळ चौकोनी स्क्रीन मिळते आणि तिची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरांच्या पुढे जाते. पण तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत 1,74,999 रुपये होती. वाचण्यापुरता चांगला टॅब पंधरा-वीस हजारांत मिळतो. आणि फोन बनवणाऱ्या कंपन्या बिजागरीची एवढी नाजूक करामत करून रुंदी मिळवू पाहतात, याचा अर्थ उभ्या फोनची रुंदी पुरत नाही हे त्यांनीच मान्य केले आहे.

रुंदीइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा आहे तो फोन कुणाचा, हा. फोन एका माणसाचा असतो. त्याचे कॉल, ओटीपी, यूपीआय, नोकरीच्या ठिकाणचे ग्रुप, सगळे त्यात असते. 2020 मध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर गेला की मुलांची शाळाही त्याच्याबरोबर जायची. दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी असले तर एकाचा बुडायचा. मोठ्या स्क्रीनचा फोन घेतल्याने यात काहीच बदलत नाही. टॅब घराचा असतो, टेबलावर राहतो आणि वाचणारा बदलला तरी कुणाचे काम अडत नाही. त्यात सिमकार्ड नसले तर उत्तमच. आयपॅडवर व्हॉट्सॲप अधिकृतपणे यायला 2025चा मे महिना उजाडला. ग्राहक इतकी वर्षे त्याला उणीव म्हणत होते. अभ्यासाच्या दृष्टीने मी त्याला सोय म्हणेन. टॅबवरही यूट्यूब आहे आणि खेळ आहेत, हे खरे. पण ते मुलाने स्वतः उघडावे लागतात. आईच्या फोनवर धडा वाचताना तिला आलेला प्रत्येक निरोप त्या धड्यावर येऊन आदळतो, आणि त्यावर मुलाचा काही इलाज नसतो.

मग लिहिण्याचा भाग येतो. आपल्या बोर्डाच्या परीक्षा आजही हाताने लिहायच्या आहेत. पेनाची सोय काही महागड्या फोनांतही आहे, पण सात सेंटिमीटर रुंदीत वर्गसमीकरणाची एक पायरी सरळ ओळीत बसत नाही. टॅबवर प्रश्नपत्रिका एका बाजूला आणि लिहायला दुसऱ्या बाजूला जागा, अशी व्यवस्था निदान शक्य आहे. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोज 6 जीबी इंटरनेट देते. फोन न देता टॅब दिला, ही निवड मला योग्य वाटते. याउलट अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानात स्मार्टफोन दिले गेले, तेही बरोबरच होते. उभ्याने, घरोघरी फिरत, एका हाताने बाळाचे वजन नोंदवायचे तर तिथे टॅब ओझेच होईल. परदेशातले एक उदाहरणही बोलके आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 2013 मध्ये वैमानिकांच्या सुमारे 16 किलोंच्या कागदी बॅगांची जागा आयपॅडला दिली. फोन तर त्यांच्या खिशात होताच. विमान उतरवतानाचा नकाशा एका नजरेत पूर्ण दिसायला हवा असतो.

टॅबची विक्रीच घटली, लोकांनी निकाल दिलेला आहे, असाही एक युक्तिवाद आहे. ॲपलने 2013च्या आर्थिक वर्षात 7 कोटी 10 लाख आयपॅड विकले आणि 2018 मध्ये 4 कोटी 35 लाख, ही घट मोठी आहेच. त्यात फोनचा वाटा नक्की आहे. 7 इंची टॅब तर फोनने जवळपास संपवलेच, आणि ते योग्य झाले, कारण फोनपेक्षा वेगळे असे त्यांच्याकडे फार काही नव्हते. पण घटीचे आणखी एक कारण आहे: मोठा टॅब लोक फोनसारखा दर दोन-तीन वर्षांनी बदलत नाहीत. टिकणारी वस्तू कमी विकली जाते. त्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही. आपल्याकडे टॅबचे नाव खराब झाले ते स्वस्ताईच्या हट्टापायी. 2011च्या ऑक्टोबरमध्ये मोठा गाजावाजा करून आलेल्या ‘आकाश’ टॅबची स्क्रीन दाबून चालवावी लागे आणि बॅटरी अपुरी होती. त्या अनुभवाचा धडा एवढाच की सात-आठ हजारांचा, कमी मेमरीचा टॅब घेऊ नये. तो वर्षभरात रखडू लागतो आणि कपाटात जातो, आणि मग टॅब वापरला जात नाही असे घरोघरी सांगितले जाते.

कागद या दोहोंपेक्षा बरा, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. 2018 मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासून पाहिले गेले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर अधिक नीट समजतो असेच दिसले. स्वीडनने 2023 मध्ये शाळांत छापील पुस्तकांवर पुन्हा भर द्यायला घेतला. पुस्तक हाती असेल तर मुलाने पुस्तकच वाचावे. टॅबची गाठ आहे ती फोनशी, जिथे छापील प्रत नाही आणि स्क्रीनवरच वाचायचे आहे तिथे. लॅपटॉप घरात असेल आणि टंकलेखन हेच मुख्य काम असेल तर टॅबवर खर्च करू नये, आणि केवळ मालिका पाहायला तर मुळीच नाही; त्यासाठी फोन किंवा भिंतीवरचा टीव्ही पुरेसा आहे.

ज्येष्ठांची गोष्ट मात्र वेगळी आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते आणि साठीत फोनवर अक्षर मोठे केले की एका ओळीत तीन-चार शब्द उरतात. वाक्य संपेपर्यंत सुरुवात वर निघून गेलेली असते. टॅबवर तेवढेच मोठे अक्षर ठेवून आठ-नऊ शब्दांची सलग ओळ मिळते, आणि तो मांडीवर किंवा स्टँडवर ठेवता येतो, त्यामुळे कापणाऱ्या हातावर भार पडत नाही. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत असेल तर व्हिडिओ कॉलवर नातवंडाचा चेहराही पुरेसा मोठा दिसतो.

ज्यांना पंधरा हजारही जड आहेत त्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो घरापुरता ठेवून चालणार नाही. राज्यात सार्वजनिक ग्रंथालये आहेत, तालुक्याच्या गावांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. तिथे रोज शेकडो पानांच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे मुले फोनवर वाचतात किंवा पानाला दोन-तीन रुपये मोजून झेरॉक्स काढतात. ग्रंथालयांच्या अनुदानातून दहा-दहा टॅब घेऊन ते पुस्तकांप्रमाणेच, अनामत रक्कम ठेवून, परीक्षेच्या हंगामात महिनाभरासाठी घरी द्यायला सुरुवात करता येईल. बालभारतीची पुस्तके, साहित्य संस्कृती मंडळाचे ग्रंथ आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात आधीच भरून ठेवल्या, तर घरी इंटरनेट नसलेल्या मुलालाही तो वापरता येईल.