पोर्टल अडतं तेव्हा नेमकं काय अडतं? कळंबच्या मुतवल्लीने विचारायचे प्रश्न

उम्मीद पोर्टल ६ डिसेंबर २०२५ रोजी नोंदणीसाठी बंद झालं. त्यानंतर अल्पसंख्याक मंत्रालयाने जाहीर केलेले आकडे असे: देशभरात ५,१७,०४० वक्फ मालमत्तांची नोंद सुरू झाली. त्यातल्या २,१६,९०५ मंजूर झाल्या, २,१३,९४१ भरून झाल्या पण मंजुरीसाठी थांबल्या आणि १०,८६९ फेटाळल्या गेल्या. आता ही बेरीज करून बघा. ४,४१,७१५ होते. म्हणजे पंचाहत्तर हजारांहून जास्त नोंदी कोणीतरी उघडल्या, पण त्या पुढे सरकल्याच नाहीत.

का सरकल्या नाहीत? काहींचे कागद अपुरे असतील. काहींनी आळस केला असेल, हेही मान्य करू. "बघू, तारीख वाढेल" म्हणणारे आपल्या जमातीत कमी नाहीत. पण शेवटच्या दिवसांत ठिकठिकाणच्या मुतवल्लींची तक्रार एकच होती. पान उघडत नाही, फाइल चढत नाही, मधेच बाहेर फेकलं जातं. आपण "सर्व्हर डाऊन" म्हणतो आणि गप्प बसतो. रेशनच्या वेळी तेच, सातबाऱ्याच्या वेळी तेच, लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला तेच. जणू पाऊस नाही आला, त्यात कोणाचा काय दोष! पण सर्व्हर हा पाऊस नाही. तो कोणीतरी विकलेला, कोणीतरी विकत घेतलेला आणि मोजता येणारा माल आहे.

कळंबचंच उदाहरण घेऊ. यवतमाळहून नागपूरकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंबचं नाव आहे, म्हणजे अकबराच्या काळात इथे कारभाराचं ठाणं होतं. अशा जुन्या वस्तीत मशीद, कब्रस्तान, ईदगाह, दर्ग्याची जमीन यांचे कागद एका साच्यातले नसतात. कुठे फारसी सनद, कुठे मोडीतला उतारा, कुठे इंग्रजी अमलातला नकाशा, कुठे नुसता सातबारा. ते सगळं स्कॅन करून, मालमत्तेची हद्द नोंदवून, पोर्टलवर चढवायचं. आधी मुतवल्लीने भरायचं, मग पडताळणी, मग मंजुरी, असे तीन टप्पे. जुन्या वामसी पोर्टलवर देशातल्या ८.७२ लाख मालमत्ता आधीच दिसत होत्या, तरी सगळं नव्याने भरायचं होतं.

आता त्या स्कॅनचं पुढे काय होतं ते बघू, कारण खरी गोम तिथे आहे. आपण बटण दाबलं की फाइल दूरच्या डेटा सेंटरमधल्या साठवणूक यंत्रावर, म्हणजे स्टोरेजवर, लिहिली जाते. (एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटरं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत.) एक फाइल चढवणं म्हणजे एकच काम नव्हे. फाइल लिहायची, डेटाबेसात नोंद करायची, कोणी कधी भरलं ते टिपायचं, दुसरी प्रत ठेवायची. वाचण्यापेक्षा लिहिणं जड, कारण लिहिलेलं सुरक्षित बसल्याशिवाय "झालं" असं म्हणता येत नाही. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला अशी विखुरलेली शंभरएक कामं करते. एसएसडी तेवढ्याच वेळात हजारोंनी करते. फरक एवढा मोठा आहे, आणि किमतीतही तसाच आहे.

पण नुसत्या वेगाने भागत नाही. कापूस खरेदीच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकासमोरची रांग आठवा. वजनकाटा तोच, माणसं तीच. रोज थोड्या गाड्या आल्या तर अर्ध्या तासात सुटका. सगळ्या एकाच दिवशी आल्या तर रात्र तिथेच. संगणकाच्या रांगेचं साधं गणितही असंच चालतं. समजा एका कामाला यंत्र ५ मिलिसेकंद घेतं. यंत्र निम्मं गुंतलेलं असेल तर सरासरी १० मिलिसेकंद लागतात. ८० टक्के गुंतलं की २५, ९० टक्क्यांना ५०, ९५ ला १०० आणि ९९ टक्क्यांना ५००. शेवटच्या काही टक्क्यांत सगळं कोसळतं. त्यात पान उघडलं नाही म्हणून आपण पुन्हा बटण दाबतो, शेजारच्या मोबाइलवरूनही प्रयत्न करतो, आणि रांग दुप्पट करतो. सहा महिन्यांत ५.१७ लाख नोंदी म्हणजे दिवसाला सरासरी २,८०० च्या आसपास. हे काही मोठं ओझं नाही. पण मुदतीचं काम सरासरीने येत नाही, ते शेवटच्या आठवड्यात येतं. हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? शाळेच्या फॉर्मची तारीख पाहिलेल्या कोणालाही हे माहीत असतं.

मग यंत्र विकणारे काय दाखवून विकतात? बाजारात डेल, एचपीई, नेटअॅप, आयबीएम, हिताची व्हँतारा, प्युअर स्टोरेज ही मोठी नावं. माहितीपत्रकावर ठळक आकडा असतो: सेकंदाला इतके लाख व्यवहार. तो आकडा खोटा असतोच असं नाही, पण तो बहुतेक वेळा सोयीच्या परिस्थितीतला असतो. फक्त वाचण्याची कामं, छोटे तुकडे, यंत्र नवंकोरं आणि रिकामं. प्रत्यक्षात यंत्र सत्तर-ऐंशी टक्के भरलेलं असतं, वाचणं-लिहिणं एकत्र चालू असतं, आणि एसएसडी भरत आली की तिला जुनी जागा पुसून मोकळी करावी लागते, म्हणून ती मंदावते. मोटारसायकलच्या जाहिरातीतलं अॅव्हरेज आणि यवतमाळच्या रस्त्यावरचं अॅव्हरेज, तसाच मामला.

या मोजमापावरून कंपन्या आपसात भांडल्याही आहेत. तटस्थ चाचणीसाठी स्टोरेज परफॉर्मन्स कौन्सिल नावाची संस्था आहे. २००८ मध्ये नेटअॅपने आपल्याच नव्हे, तर प्रतिस्पर्धी ईएमसीच्या यंत्राची चाचणी करून तो निकालही प्रसिद्ध केला. ईएमसी तेव्हा त्या कौन्सिलमध्ये नव्हती. तिने त्यावर चांगलीच हरकत घेतली. पुढे २०१६ मध्ये ईएमसी डेलमध्ये गेली. सांगायचा मुद्दा असा की, जिथे कोट्यवधींची गिऱ्हाइकं आहेत तिथे आकड्याची उलटतपासणी होते. आपल्याकडे सरकारी पोर्टलवर उभा असलेला सामान्य माणूस गिऱ्हाईक मानलाच जात नाही. यंत्र घेणारा विभाग वेगळा, विकणारा वेगळा, मधे ठेकेदार कंपनी वेगळी, आणि रांगेत उभा राहणारा चौथाच. निविदेत क्षमता किती टेराबाइट हे हमखास विचारलं जातं, कारण ते मोजायला सोपं. शेवटच्या दिवशी एकाच वेळी किती माणसं फाइल चढवतील आणि त्यातल्या किती जणांना किती सेकंदांत पावती मिळेल, हा प्रश्न विचारला तर किंमत वाढते.

स्वस्त साठवणुकीचं बिल किती मोठं येऊ शकतं, ते दक्षिण कोरियाने नुकतंच पाहिलं. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी ज्यात आपली कामाची कागदपत्रं ठेवत, त्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट डेटा गेला. दुसरी प्रत नव्हती. सरकारचं स्पष्टीकरण असं की ती प्रणाली मोठ्या क्षमतेच्या पण कमी वेगाच्या स्टोरेजवर होती, म्हणून बाहेर बॅकअप ठेवता आला नाही. क्षमता होती, वेग नव्हता, म्हणून प्रत नव्हती. एवढ्या पुढारलेल्या देशात हे झालं! आपल्या कब्रस्तानाच्या कागदाची एकमेव प्रत पोर्टलवर आहे असं समजून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता कायद्याकडे येऊ. १ डिसेंबरला न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि अर्जदारांना वक्फ न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. कायद्याच्या कलम ३ ब नुसार पुरेसं कारण दाखवल्यास न्यायाधिकरण सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकतं. मंत्री किरेन रिजिजू यांनी ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्यावर तीन महिने दंड किंवा कडक कारवाई नाही असंही सांगितलं. चांगलं आहे. पण "पुरेसं कारण" सिद्ध कोणी करायचं? मुतवल्लीने. कळंबहून जवळपास चारशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला जाऊन. कळंब-वर्धा रेल्वे २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती त्या दिशेला जात नाही.

आणि इथे सगळ्यात विचित्र गोष्ट घडते. पोर्टल कधी अडलं, किती वेळ, किती जणांचे प्रयत्न फसले, याचा पुरावा मुतवल्लीकडे नाही. तो सर्व्हरच्या लॉगमध्ये आहे. यंत्र प्रत्येक फसलेली विनंती वेळेसकट टिपून ठेवतं. म्हणजे तक्रार एका बाजूची, साक्ष दुसऱ्या बाजूच्या कपाटात. माझ्या मते मुदत जर कायद्याने बांधलेली असेल, तर पोर्टलच्या शेवटच्या सात दिवसांचा लॉगही उघड असला पाहिजे, आणि अडलेले तास मुदतीत आपोआप मिळाले पाहिजेत. त्याला कोर्टाची पायरी कशाला?

तोवर हातात जे आहे ते करू. महाराष्ट्रातून ६२,९३९ मालमत्तांची नोंद सुरू झाली होती. त्यात आपली कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी पाहून घ्या. फसलेल्या प्रयत्नांचे स्क्रीनशॉट असतील तर ते मूळ मोबाइलमधून खोडू नका, त्यांची तारीख-वेळ तिथेच असते. ओटीपीचे मेसेज, केलेल्या तक्रारींचे ईमेल, सायबर कॅफेची पावती, सगळं एका फाइलीत लावा. मूळ कागद ट्रंकेत, स्कॅन दोन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातलं एक गावाबाहेरच्या नातेवाईकाकडे.

आणि माहितीच्या अधिकारात मंत्रालयाला तीनच प्रश्न विचारा. पोर्टल एका वेळी किती वापरकर्ते पेलेल अशी अट करारात होती? सुरू करण्याआधी तेवढ्या भाराची चाचणी झाली का, तिचा अहवाल द्या. ३० नोव्हेंबर ते ६ डिसेंबर या काळात दर तासाला किती विनंत्या आल्या आणि किती फसल्या? उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, फी दहा रुपये. अर्ज ऑनलाइनही करता येतो. मी तरी पोस्टल ऑर्डर लावून स्पीड पोस्टाने पाठवीन. पोचपावती हातात राहते.