क्लच आणि कालामसुत्त

आमचा पुतण्या कर्जतहून खोपोलीला कारखान्यात मोटारसायकलने जातो. परवा पळसदरीजवळ गाडीची रेस वाढे, पण वेग वाढेना. एक म्हणाला, प्लेटा गेल्या. दुसरा म्हणाला, इंजिन उघडा. खाडा झाला की पगार कापला जातो. नवख्याने ऐकावे कोणाचे?

ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. आम्ही गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढली. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढील हवी. इथे ढीलच नव्हती. केबल ताणलेली, म्हणून प्लेटा पुरत्या आवळत नव्हत्या. अॅडजस्टर फिरवताच गाडी सुधारली.

ढील असूनही क्लच घसरला, तरच प्लेटा तपासाव्यात; ते काम जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी बसून शिकावे. ऑईल मोटारसायकलचेच घालावे. मोटारीच्या काही ऑईलने क्लच घसरतो. चढावर क्लच अर्धा दाबून ठेवू नये.

शिका, हा बाबासाहेबांचा आदेश शाळेपुरता नाही. पुढच्या रविवारी पुस्तिका उघडा, आणि मुलींनाही शेजारी बसवा.